दिव्याचं नाव तेलाला

घासलेटाला घासलेट का म्हणतात, हे आमच्या चौक गावात माझ्या सासऱ्यांइतकं कोणालाच माहीत नव्हतं, आणि कोणी विचारेल म्हणून ते वाटही बघत नसत. पाहुणा ओट्यावर टेकला, हातात कपबशी आली, की आबांनी सुरुवात केलीच. सासऱ्यांना मी आबा म्हणायचे. तरुणपणी त्यांनी मुंबईत रस्त्यावरचे गॅसचे दिवे लावायचं काम केलं होतं. खांद्यावर लांब काठी टाकून संध्याकाळी निघायचं, आपल्या वाट्याचे सगळे खांब पेटवायचे आणि पहाटे जाऊन विझवायचे.

"सायब त्याला गॅस लाईट म्हनायचा," आबा सांगायचे. "आपल्या मानसांच्या तोंडात त्याचं झालं घासलेट. मी पोरसवदा, मला सगळे घासलेट म्हनूनच हाक मारायचे. मंग पत्र्याच्या डब्यातनं ह्ये तेल आलं. त्याच्यावर घराघरात तसाच लख दिवा लागाया लागला. लोक दुकानात जाऊन म्हनायचे, ते घासलेटाचं तेल द्या. हळूहळू तेल हा शबूद गळाला नि नुसतं घासलेट ऱ्हायलं. दिव्याचं नाव तेलाला पडलं. नवऱ्याचं नाव बायकोला लागतं ना, तसं. पुढं ते दिवे गेले, खांब गेले, नाव तेवढं तेलाकडं ऱ्हायलं."

रॉकेलवर त्यांचा जरा राग होता. रेशनच्या दुकानाच्या पाटीवर रॉकेल लिहिलेलं असे. "विंग्रजीत रॉक म्हंजे खडक. खडकातलं तेल म्हनून रॉकेल. म्हनू दे त्याला. आपलं घासलेट."

मी आतून भांडी आपटायचे. लग्न होऊन वर्ष झालेलं, वय एकोणीस, सातवी पास असल्याचा तोरा, आणि तोंड तर असं की सासूबाई म्हणायच्या, हिच्या माहेरी कळंबला मिरच्या जास्त पिकतात वाटतं. एकच गोष्ट माणसानं किती वेळा ऐकायची? पण आता सांगायला आबा नाहीत, म्हणून ती मलाच सांगावी लागते. आणि ती सांगितली की पुढचंही सांगावं लागतं. त्या नावामुळे आमच्या वस्तीत घात झाला असं मी कितीतरी वर्षं म्हणत आले. नावामुळे कसला! माझ्यामुळे झाला.

आमची वस्ती बावीस घरांची. हायवेवर ढाब्यांना आणि गॅरेजना वीज होती, वस्तीत नव्हती. धम्म घेतल्यापासून वैशाख पौर्णिमेला प्रत्येक दारात दिवा लावायचा असं ठरलं होतं, आणि घासलेट नाही म्हणून एकही दार अंधारात राहू नये, यासाठी एक रीत पडली होती. महिनाभर आधीपासून प्रत्येकानं आपल्या रेशनातलं थोडं थोडं एका घरच्या डब्यात आणून ओतायचं. पौर्णिमेला दुपारी त्या घरच्या बाईनं सगळ्यांना सारखी बाटली भरून द्यायची. कोणी किती ओतलं हे कोणी विचारायचं नाही. दरवर्षी एका घराची पाळी. त्या वर्षी ती आमची होती, म्हणजे माझी.

आणि नेमकी त्याच वर्षी टंचाई. डबा निम्माही भरला नाही. सासूबाई म्हणाल्या, "अर्धी अर्धी बाटली देऊ. दिवा लवकर इझंल, इझू दे."

मला ते फार लागलं. आदल्या वर्षीच्या घरानं गळ्यापर्यंत बाटल्या भरून दिल्या होत्या आणि माझ्या पाळीला अर्ध्या? बाया तोंडावर काही बोलल्या नसत्या, पण विहिरीवर बोलल्या असत्याच.

पौर्णिमेच्या सकाळी हायवेच्या वळणावर टँकर उलटला. आरडाओरडा ऐकून मी गेले, तोवर ड्रायव्हरला लोकांनी दवाखान्यात हलवलं होतं. टँकरच्या झाकणातून धार लागली होती आणि निम्मं गाव हंडे, कळश्या, डबे घेऊन तिथं जमलं होतं. जो तो ओरडत होता, घासलेट, घासलेट! मी पळत घरी आले, हंडा उचलला, पळत गेले.

धारेखाली हंडा धरला तेव्हा वास नाकात गेला. तो घासलेटाचा नव्हता. त्याहून हलका, थेट डोक्यात चढणारा. मला कळला होता. मी शेजारच्या बाईला म्हटलंसुद्धा, "वास येगळाच येतोय गं."

"जळतंय ना? मंग घासलेटच," ती म्हणाली आणि मला कोपरानं बाजूला सारून तिनं आपली कळशी पुढं केली.

सासूबाईंनी हंडा बघितला आणि कपाळाला हात लावला. "आज पुनवेला? संध्याकाळी हात जोडून पंचशील म्हननार, न दिलेलं घेनार नाय. आनि सकाळी ह्ये?"

"रस्त्यावर सांडलेलं कुनाचं असतं?" मी म्हटलं.

"कुनाचंबी असू दे, तुजं तर नाय ना? ठेव जा परसात. आजच्या दिव्यात त्याचा थेंब घालायचा नाय."

एवढं बोलून त्या समाजमंदिर सारवायला गेल्या. आबा खालापूरला माझ्या नणंदेकडे गेलेले. आमचे हे खोपोलीला कारखान्यात पाळीवर. घरात मी एकटी. मी हंडा परसातून उचलून आणला आणि डब्यात ओतला. डबा काठोकाठ भरला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

दुपारी बाया बाटल्या घेऊन आल्या. मी गळ्यापर्यंत भरून दिल्या. आमच्याकडे सुनांना त्यांच्या माहेरच्या गावानं हाक मारत. मी कळंबवाली. "कळंबवालीनं हात सैल सोडला गं," म्हणत बाया गेल्या, आणि मी पदरानं हात पुसत दारात उभी राहिले.

सगळ्यात शेवटी आली पोशीरवाली. ओढ्याच्या कडेचं शेवटचं घर तिचं. ती आणि मी एकाच वर्षी सासरी आलो, पाण्याला एकत्र जायचो, सासवांच्या तक्रारी एकमेकींच्या कानात ओतायचो. तिचा नवरा ट्रकवर क्लीनर, महिन्यातून चार दिवस घरी. सासू नाही. पाच महिन्यांची पोर कडेवर. आणि बाई अशी काटकसरी, की काडीपेटीतली जळकी काडीसुद्धा एका चुलीतला जाळ दुसऱ्या चुलीत न्यायला जपून ठेवायची. तिनं बाटली उजेडात धरून बघितली. "एवढं? मला दोन दिवस पुरंल गं," असं म्हणून हसत गेली.

आबा सहाच्या एसटीनं आले. वळणावर पोलीस बघून आले होते. उंबऱ्यातच थांबले आणि त्यांनी नाक वर केलं. डब्याजवळ गेले, तळाशी उरलेल्यात बोट बुडवलं, बाहेर काढून त्यावर फुंकर मारली. बोट बघता बघता कोरडं झालं.

"सूनबाई, ह्ये घासलेट नाय. ह्यात पिट्रोल हाय."

"आबा, सगळे घासलेटच म्हनत होते."

"सगळे मलाबी घासलेट म्हनायचे. मी काय तेल हाय?" ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "किती घरांत गेलं?"

"बावीस. आपलं धरून."

घासलेटाच्या चिमणीत पेट्रोल घातलं तर काय होतं, हे हायवेवरच्या गावात कोणाला सांगावं लागत नाही. आमच्याच गावातल्या एका गॅरेजात कंदील भडकून माणूस कसा होरपळला होता, ते मी ह्यांच्या तोंडून ऐकलं होतं. बाहेर बघितलं. सूर्य प्रबळगडाच्या माथ्यापासून हातभर वर होता. तो टेकला की बावीस दारांत बावीस बाया काडी ओढणार होत्या.

आबा दाराकडं वळले. "रस्त्याकडची ओळ मी घेतो, ओढ्याकडची तू घे. बाटल्या रित्या कर, चिमन्या रित्या कर. आनि पिट्रोल हाय असं तोंडानं सांग. लाजू नको, दडवू नको. काडी लावली तर घर जाईल, असं सांग."

मी डबा उचलला आणि पळाले. पाय जमिनीला लागत नव्हते आणि तरी वाट सरत नव्हती. पहिल्या घरात शिरले. सांगायला तोंड उघडलं आणि पेट्रोल हा शब्द गिळला. पेट्रोल म्हटलं की टँकर आला. टँकर म्हटलं की सासूबाईंनी नको म्हटलेलं मी गुपचूप ओतलं, हे आलं. माझी एक चुलतबहीण सासरहून कळंबला कायमची परत पाठवलेली होती. तिचं ते चुलीमागं बसून राहणं, कोणी हाक मारली तर दचकणं, सगळं माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. मी म्हटलं, "आबांनी बाटली परत मागितलीय. दुसरं देनार हायेत. तवर दिवा लावू नका." आबांचं नाव ऐकल्यावर कोण विचारतंय! बाईनं मुकाट्यानं बाटली डब्यात ओतली.

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. चौथ्या घरात म्हातारी काडीपेटी हातात घेऊन चिमणीसमोर उकिडवी बसलेली. मी ती काडीपेटी अशी हिसकावली, की तिनं मला शिवी दिली. डब्यातलं लुगड्यावर सांडत होतं, त्या वासानं डोकं गरगरत होतं. आणि इतकं होऊनही मनात एक कोपरा हिशेब करत होता, की झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळ्या बाटल्या परत आल्या, की काय झालं होतं हे कोणाला कळायचंच नाही. आबा पलीकडच्या ओळीत दारोदार पेट्रोल, पेट्रोल ओरडत होते, त्यामुळं कळणारच होतं, एवढंही त्या भीतीनं मला सुचू दिलं नाही.

शेवटी पोशीरवालीचं घर. सूर्य टेकला होता. ती पोरीच्या झोळीला झोका देत होती. भरलेली चिमणी दारातल्या कोनाड्यात ठेवलेली.

"बाटली दे तुजी. चिमनीबी ओत ह्यात," मी म्हटलं.

"का गं? काय झालं?"

सगळ्या ओळीत एकटीनं विचारलं. आबांचं नाव सांगून तिला गप्प करता आलं नसतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी पोशीरवालीशी त्या दिवसापर्यंत कधी खोटं बोलले नव्हते.

"पानी मिसळलंय," मी म्हटलं.

"एवढंच ना? मंग वरचं चांगलंच असंल की. पानी खाली बसतं," ती म्हणाली. खरंच होतं ते. घासलेटात पाणी गेलं की आम्ही सगळ्या बाया तेच करायचो. बाटली घटकाभर उभी ठेवायची, वरचं हलकेच ओतून घ्यायचं, खालचं टाकायचं. पोशीरवाली तर थेंबासाठी जीव टाकणारी.

"नको नको, सगळं दे. आबांनी सांगितलंय."

ती आत गेली, बाटली आणून तिनं डब्यात ओतली. मग कोनाड्यातली चिमणी ओतली. बाटलीतलं मी दिलं होतं त्याहून कमी होतं. मला दिसलं. चिमणी भरून जितकं कमी व्हावं, त्याहूनही कमी. विचारायला हवं होतं. पण आता पुन्हा विचारलं तर ती पुन्हा का म्हणेल, या धास्तीनं मी डबा उचलला आणि निघाले.

आबा वाटेत भेटले. धापा टाकत होते. "झाली सगळी?"

"झाली."

"पिट्रोल म्हनून सांगितलंस ना समद्यांना?"

"सांगितलं, आबा."

त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला. तेवढ्यात ओढ्याकडून आवाज आला. फार मोठा नव्हता, पत्रा फाटावा तसा. आणि मग किंकाळी.

आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणात होती. दोन्ही हातांनी पदर ओरबाडत होती आणि हातच पेटलेले होते. सासूबाई समाजमंदिराकडून माझ्याआधी पोचल्या. त्यांनी वाळत घातलेली गोधडी ओढून तिच्या अंगावर टाकली आणि स्वतः तिच्यावर पडल्या. आत कुडाला जाळ लागला होता, तो माणसांनी माती टाकून विझवला. पोर झोळीत रडत होती. तिला काही झालं नव्हतं. चुलीच्या मागं एक पेला उपडा पडलेला दिसला. वरचं वरचं तिनं त्यात काढून ठेवलं होतं, आणि मी पाठमोरी होताच दुसरी चिमणी भरली होती.

हायवेवरून टेंपो थांबवला आणि तिला कर्जतला दवाखान्यात नेलं. मी मागं बसले होते, तिचं डोकं माझ्या मांडीवर. सासूबाई पुढं ड्रायव्हरशेजारी पोरीला घेऊन. कर्जतपर्यंत पोशीरवाली कण्हत होती. एकदाच तिनं डोळे उघडले. "पानी म्हनालीस ना गं?" एवढंच म्हणाली. मला वाटलं, आता हिनं मरावं. हो, असं वाटलं मला. पुढच्याच क्षणाला मी तिला घट्ट धरलं आणि तिनं जगावं म्हणून हात जोडले. पण आधी जे वाटलं, ते वाटलंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दवाखान्यात आले. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले, मानेवर पट्ट्या. मी खाटेच्या पायथ्याशी उभी. आबांनी तिच्यापुढं हात जोडले आणि विचारलं, "पोरी, खरं सांग. माज्या सुनेनं तुला सांगितलं नव्हतं का, की पिट्रोल हाय म्हनून?"

खाटेचा लोखंडी दांडा मी इतका आवळून धरला, की बोटांना रग लागली. आता ती बोलणार, आबा ऐकणार, आणि मी संध्याकाळपर्यंत कळंबच्या वाटेला लागणार.

पोशीरवालीनं माझ्याकडं बघितलं.

"सांगितलं होतं, आबा," ती म्हणाली. "माजीच अक्कल शेन खायाला गेली."

आबा मान खाली घालून बाहेर गेले. मी रडले, तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं पाय आखडून घेतले. मला वाटलं, दुखत असतील.

टँकरचं ओतलं म्हणून सासूबाई दोन दिवस मला घालूनपाडून बोलल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "चल, जेव." ज्या भीतीनं मी खोटं बोलले होते, ती एवढीच निघाली. आबांनी मात्र घासलेटाच्या नावाची गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही. पाहुणे यायचे, चहा व्हायचा, कोणी मुद्दाम विषय काढला तरी आबा बिडीची राख झाडत बसायचे. माझ्यामुळं त्यांच्या तोंडचं तेवढं एक सुख गेलं.

पोशीरवाली अडीच महिन्यांनी घरी आली. बोटं एकमेकांना चिकटली होती. डाव्या हाताची मूठ उघडेना, उजव्या हाताला अंगठा तेवढा हलायचा. तिचा नवरा चार दिवस थांबून ट्रकवर गेला. मी रोज जायचे. पोरीला न्हाऊ घालायचे, तिला घास भरवायचे, धुणं, पाणी, भाकरी, तिची वेणी. घरचं काम आटपून तिचं करायचे. सासूबाई म्हणायच्या, सख्ख्या बहिणीचं कोणी एवढं करत नाही. मी ऐकून घ्यायचे. ओळीतल्या बाकीच्यांच्या बाटल्या परत आल्या होत्या, म्हणून मी कारण सांगितलं नव्हतं हे कोणी काढलं नाही, पण पोशीरवालीला मी पाणी म्हटलं होतं, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. रोज तिच्या दारात शिरताना वाटायचं, आज ही कोणाला तरी सांगेल. विहिरीवर दोन बाया हळू आवाजात बोलताना दिसल्या, तरी मला वाटायचं, झालं, कळलं. अशी सहा वर्षं गेली. पोर शाळेत जायला लागली. पोशीरवालीनं कोणाला काही सांगितलं नाही.

एका दुपारी मी तिची वेणी घालत होते. ती माझ्याकडं पाठ करून बसली होती, म्हणून मला धीर झाला असेल.

"आबांना खरं का नाय सांगितलंस गं?" मी विचारलं. "मला माफ कसं केलंस?"

ती हसली. मोठ्यानं नाही.

"खरं सांगितलं असतं तर तुला कळंबला धाडली असती," ती म्हणाली. "मंग माज्या पोरीचं कुनी केलं असतं? तिच्या बापानं? मला तवा दोन हात पायजे होते. तुजे घेतले. माफ केलं असं कुनी सांगितलं तुला?"

माझे हात तिच्या केसांत थांबले.

"आटप," ती म्हणाली. "पोरगी शाळेतनं सुटंल."

मी वेणी पुरी केली, अंबाडा बांधला, आकडा खोचला आणि तिच्या पोरीला आणायला गेले.